पलीकडची कन्नड

आमच्या कोल्हापूरच्या गवळी गल्लीत भाषा दोनच होत्या, मराठी आणि कन्नड. तिसरी एखादी असू शकते अशी शंका गल्लीला कधी आली नाही. मराठी माणसाला जे कळत नसे ती कन्नड, आणि कन्नड माणसाला जे कळत नसे ती पलीकडची कन्नड, म्हणजे धारवाडच्या पलीकडची, जिथं गल्लीतलं कुणी गेलेलं नव्हतं. या दोन खणांत सगळं जग मावत असे. हिंग विकायला आलेल्या काबुली पठाणालासुद्धा माझ्या चुलत्यानं एकदा, "पावणं, विजापूरकडचं काय?" असं विचारलं होतं. पठाणानं मान हलवली आणि चुलत्याचं समाधान झालं.

त्यामुळं विरूपाक्ष गवळी बऱ्याच वर्षांनी बायको घेऊन परत आला, तेव्हा ती काय बोलते यावर फारशी चर्चा झालीच नाही. महाराज नुकतेच गादीवर बसले होते आणि लोकांना बोलायला दुसरे विषय पुष्कळ होते. बाई काळीसावळी होती, केस दाट आणि कुरळे, हाडापेरानं मजबूत. गल्लीनं तिला एकदा पाहिलं आणि ठरवून टाकलं की खालच्या अंगाची, म्हणजे दक्षिणेकडची आहे.

खरी गोष्ट अशी होती. विरूपाक्ष बेळगावात गोऱ्या पलटणीला दूध घालायचा. पलटण हलली तसा तिच्या जनावरांबरोबर हाही हलला, आणि कलकत्त्यात एका गोडबोल्या माणसानं चांगल्या कामाची लालूच दाखवून त्याला बोटीत बसवलं. उतरला तो फिजी बेटावर, उसाच्या मळ्यात. बायको त्याला त्या मळ्यावरच भेटली. तीही तशीच फसवून आणलेली, पण आणखी लांबून, एका इवल्याशा बेटावरून. त्या बेटावर इनमिन चार वाड्या होत्या आणि त्या चार वाड्यांची स्वतःची भाषा होती, जी शेजारच्या बेटालाही कळत नसे. समुद्र ओलांडला म्हटलं असतं तर गल्लीनं विरूपाक्षाला उंबऱ्याबाहेरच उभा केला असता. म्हणून तो एवढंच म्हणाला, "मद्रासच्या खाली होतो." बायको कुठली म्हटल्यावर म्हणाला, "कारवारच्या खाली." दोन्ही गावं नकाशात वरच आहेत, तेव्हा तो खोटं बोलला असं मी म्हणणार नाही.

गल्लीचे जंगम रुद्रय्या स्वामी. त्यांनी बाईला समोर बसवून विचारलं, "लिंगायतच न्हवं?"

"तुमी करून घेतलं तर व्हय की," विरूपाक्ष म्हणाला.

स्वामींना दक्षिणेकडच्या लोकांबद्दल आदर होता. त्यांनी दीक्षा दिली, गळ्यात लिंग बांधलं आणि नाव ठेवलं महादेवी. तिचं आधीचं नाव काय, हे त्यांनी विचारलं नाही.

हे सगळं मला आईकडून कळलं. माझी आई तानाबाई, महादेवीची शेजारीण. घराबाहेरच्या माणसांत खरं काय ते फक्त तिला ठाऊक होतं. महादेवीनं तिला आपल्या बेटाचं नावही सांगितलं होतं, पण आईच्या जिभेला ते वळलं नाही, आणि म्हणून ते माझ्यापर्यंत पोचलं नाही.

आता म्हशींचं सांगतो. दुपारी रंकाळा तळ्यात म्हशी सोडायच्या आणि दिवस कलला की बाहेर काढायच्या, हा गल्लीचा रोजचा वैताग होता. म्हैस एकदा पाण्यात बसली की तिला जगात दुसरं काही नको असतं. गडी काठावरून ओरडायचे, ढेकळं मारायचे, एकमेकांच्या म्हशींच्या आयाबहिणी काढायचे, आणि तोवर गिऱ्हाइकं दारात तांब्या घेऊन ताटकळायची. आमच्याकडं दूध घरी नेऊन घालत नाहीत. म्हैसच गिऱ्हाइकाच्या दारात न्यायची आणि त्याच्या डोळ्यांदेखत धार काढायची. म्हशीला उशीर म्हणजे गल्लीच्या इभ्रतीला उशीर.

महादेवीनं हा तमाशा दोन दिवस बघितला. तिसऱ्या दिवशी तिनं कासोटा घट्ट केला आणि सरळ पाण्यात शिरली. बाई पोहते हे बघून काठावरच्या म्हाताऱ्यांनी तोंडं फिरवली, तरी डोळे तिकडंच होते. गळ्याइतक्या पाण्यात उभं राहून तिनं एक हाक दिली. खालच्या पट्टीत सुरू झालेली, लांबत गेलेली, शेवटी वर उचललेली: "ओऽऽ लोसे मे." पाण्यावरून ती हाक पार दुसऱ्या काठापर्यंत गेली. म्हशींनी माना वर केल्या. पहिल्या दिवशी नुसत्या मानाच. पण महिनाभरात अशी सवय झाली की तिनं काठावरून हाक दिली तरी म्हशी उठून घरची वाट धरायच्या.

तिच्या बेटावर तिन्हीसांजेला बायका किनाऱ्यावर उभ्या राहून मासे धरायला गेलेल्यांना अशी हाक देत. घरी ये, एवढाच तिचा अर्थ. नवऱ्याला तीच, पोराला तीच, आणि कोल्हापुरात आल्यावर म्हशीलाही तीच. गल्लीनं मात्र अर्थ वगैरे काही विचारला नाही. "पलीकडच्या कन्नडला गुण हाय," एवढं म्हणून सगळ्यांनी हाक उचलली. मग दुसरे शब्दही आले. धार काढताना म्हशीनं शांत उभं राहावं म्हणून "एपी, एपी". वाटेतून बाजूला सरकावं म्हणून "तुआ". लाडाचे काही होते, आणि दोन शिव्या होत्या, ज्या आमच्या गड्यांनी सगळ्यात आधी शिकून घेतल्या.

आमच्या म्हशी नावाजलेल्या. नेसरीचा पाटील एक घेऊन गेला आणि आठवड्यानं तणतणत परत आला, म्हैस पान्हा सोडत नाही म्हणून. त्याला ओट्यावर बसवून "एपी" शिकवावं लागलं. तो रस्ताभर घोकत गेला. हुपरीचे चांदीवाले म्हैस न्यायला आले तेव्हा हुशारीनं आधीच म्हणाले, "शबुद बी द्या बरूबर." तेव्हापासून दावं, घंटा आणि शब्द असा रिवाजच पडला. अशी ती चार वाड्यांची भाषा गडहिंग्लज तालुक्यापर्यंत पोचली.

महादेवीच्या घरात मात्र ती आटत चालली होती. विरूपाक्षाला ती येत असे, मोडकीतोडकी का होईना, आणि दार लावल्यावर दोघं त्याच भाषेत भांडत. एकुलती एक लेक शांतव्वा त्या भांडणांतूनच ती शिकली. भाषा शिकायला भांडणासारखी शाळा नाही असं माझ्या आईचं मत होतं. पण पोरगी मोठी झाली तशी तिला लोकांची लाज वाटायला लागली. तिला सगळ्या पोरींसारखी आई हवी होती, आणि हीच एक रंकाळ्यात पोहणारी.

विरूपाक्ष गेला त्या दिवशी या लाजेनं मूळ धरलं. त्याला माती देऊन लोक परतले, आणि संध्याकाळी महादेवी एकटीच रंकाळ्यावर गेली. पाण्याकडं तोंड करून तिनं तीनदा हाक दिली, "ओऽऽ विरूपाक्ष, लोसे मे." काठावर बायका होत्या. त्यांनी एकमेकींकडं बघितलं. एक म्हणाली, "नवऱ्याला म्हशीवाणी हाका मारत्या की गं," आणि दुसरीनं तोंडाला पदर लावला. मागून आईला शोधत आलेल्या शांतव्वाला तो पदर दिसला.

घरी आल्यावर ती म्हणाली, "अव्वा, म्हशीशी काय बोलायचं त्ये बोल. माणसाशी मराठीत बोलायचं. कळलं?"

महादेवीला कळलं. त्या दिवसापासून ती म्हशीशी खूप बोलायला लागली.

माझ्या आईला महादेवीनं मग सगळं उलगडून सांगितलं. तिच्याकडं असं मानत की माणूस मेलं तरी त्याला आपण मेलो हे कळत नाही. त्याला वाटतं आपण अजून पाण्यावरच आहोत, मासे धरतोय. त्याला रक्ताच्या माणसानं त्याच्या नावानं हाक मारून घरी बोलवावं लागतं, आपल्या भाषेत. नाही बोलावलं तर तो बाहेरच फिरत राहतो. नवऱ्याला तिनं बोलावलं; बायको रक्ताची नव्हे, पण रक्ताची लेक ती भाषा बोलायला तयार नव्हती.

"मग मला कोण हाक मारनार, ताना?" ती म्हणाली.

"मी मारते की."

"तू रक्ताची न्हवंस. आन् तुला माझं नाव बी ठावं न्हाय."

ते नाव होतं सिनेआ. विरूपाक्ष दार लावल्यावर तिला त्या नावानं हाक मारायचा. तो गेल्यावर ते नाव उच्चारणारं कुणी उरलं नाही. आईनं ते दोनचारदा म्हणून बघितलं आणि तिला जमलं. पण महादेवीला एवढ्यानं पुरं वाटेना. त्या साली तिच्या सगळ्यात चांगल्या म्हशीला रेडी झाली, तिचं नाव तिनं सिनेआ ठेवलं. "गल्लीत कुनी तरी रोज म्हनंल," ती म्हणाली. रेडी वाढली, कळपाच्या पुढं चालायला लागली. ती पाण्यातून उठली की बाकीच्या उठत, म्हणून संध्याकाळी अख्खी गल्ली आधी तिचंच नाव घेई. महादेवी ओसरीवर बसून ऐकायची. तिचा चेहरा त्या वेळी बघण्यासारखा असायचा असं आई सांगायची, आणि सांगताना डोळे पुसायची.

खासबागेचं मैदान होऊन दहाबारा वर्षं झाली होती, त्या सुमाराची गोष्ट. पन्हाळ्यावर हवा खायला आलेला एक म्हातारा पाद्री संध्याकाळच्या वेळी रंकाळ्यावरून टांग्यानं चालला होता. टांगा करीमचा. काठावर नेहमीसारखी हाकाटी चालली होती. साहेबानं एकदम टांगा थांबवला, उतरला आणि टोपी हातात घेऊन उभाच राहिला. करीमला वाटलं साहेबाला घेरी आली. साहेबाच्या डोळ्यांत पाणी होतं.

त्यानं उमेदीची वर्षं त्या समुद्रात काढली होती. त्या चार वाड्यांत तो राहून आला होता आणि त्या भाषेचा शब्दकोशही त्यानं निम्माअधिक लिहिला होता. हे करीमनं आम्हाला मागनं सांगितलं. त्या वेळी गल्लीला एवढंच दिसलं की एक साहेब म्हशींच्या मागोमाग चालत आमच्या गल्लीत आला आणि ही हाक कुणाची म्हणून विचारत महादेवीच्या ओसरीपुढं थांबला. मग त्यानं तिच्याशी बोलायला सुरुवात केली, तिच्या भाषेत.

गल्ली गोळा झाली. "सायबाला कन्नड येतंय की," लोक म्हणाले.

शांतव्वाचा नवरा मलाप्पा तिथंच होता. सासुरवाडीलाच राहून धंदा बघायचा. कन्नड त्याची घरची भाषा, म्हणून तो पुढं झाला आणि पाहुण्याला कन्नडमधून ख्यालीखुशाली विचारली. साहेब त्याच्याकडं बघत राहिला. मलाप्पानं परत विचारलं, जरा मोठ्यानं. साहेबानं मान हलवली.

"येतंय, पन कच्चं हाय," मलाप्पानं गल्लीला सांगितलं.

महादेवी बोलली बराच वेळ. सुरुवातीला हसत होती, मग हसणं थांबलं. शांतव्वा दाराच्या आत उभी होती. तिला ते सगळं कळत होतं आणि कळत नसल्याचा चेहरा करून ती उभी होती. ते बोलणं काय झालं ते महादेवीनं दुसऱ्या दिवशी आईला सांगितलं. बेटावर ताप आला, बरीच माणसं गेली. उरलेल्यांना बोटीत घालून मोठ्या बेटावर मिशनजवळ नेलं. त्यांची पोरं आता तिथली भाषा बोलतात. ही बोलणारं आपल्या माहितीत कुणी जिवंत नाही, तूच शेवटची, असं साहेब म्हणाला. पन्हाळ्याला चल, माझा शब्दकोश पुरा कर, अशी त्यानं गळ घातली.

"येते," महादेवी म्हणाली होती, "पन मी मेले की मला हाक मारशील? तुला नाव सांगते. रक्ताचा न्हवंस, पन भाषा तर येत्या."

साहेब संकोचला. ती हाक म्हणजे अंधश्रद्धा आहे, ख्रिस्ती माणसाला ते करता येत नाही, पण मी तुझ्यासाठी प्रार्थना करीन, असं तो म्हणाला. प्रार्थना इंग्रजीतून होणार होती.

"मग शिकलास कशाला?" महादेवीनं विचारलं, आणि उठून म्हशीला पेंड घालायला गेली. शब्दकोश तिथंच राहिला.

जाता जाता साहेबानं करीममार्फत मलाप्पाला विचारलं की ही भाषा आणखी कुणाला येते का. मलाप्पानं छाती पुढं काढली. "समद्या गल्लीला येत्या. नेसरीला येत्या. हुपरीला येत्या. सांग सायबाला."

साहेब हसला. त्याचं म्हणणं करीमनं आपल्या परीनं सांगितलं, "साब बोलत्यात ह्ये बोलनं न्हवं, ह्ये म्हशी हाकनं हाय." मलाप्पाला दोन्हींतला फरक कळला नाही. मलाही आजवर नीटसा कळलेला नाही. चार वाड्यांत माणसांशी बोललं की ती भाषा होते आणि आमच्या रस्त्यात चाळीस म्हशींशी बोललं की होत नाही, हे गणित बहुतेक शब्दकोश लिहिणाऱ्यालाच सुटत असेल.

टांगा गल्लीच्या तोंडाशी गेला तर वाटेत म्हशी आडव्या. करीमनं सवयीनं "तुआ, तुआ" केलं, म्हशींनी वाट दिली. साहेबानं फक्त एवढंच केलं की करीमचा उच्चार दुरुस्त केला. नवा उच्चार करीमनं लगेच वापरून बघितला, पण तो म्हशींना कळला नाही. पुढं साहेबाचं पुस्तक निघालं म्हणतात, आणि त्यात ही भाषा मेली असं छापलं आहे म्हणे.

करीमच्या पोटात काही राहत नसे. दुसऱ्या दिवशी गल्लीभर झालं की महादेवी समुद्रापलीकडच्या बेटावरची आहे. शांतव्वाच्या लेकीची नेसरीला सोयरीक चालली होती. प्रकरण रुद्रय्या स्वामींकडं गेलं. स्वामी आता फार थकले होते, पण डोकं शाबूत होतं. त्यांनी डोळे मिटून विचार केला. बाई बेटावरची ठरली, तर दीक्षा देताना चूक झाली असं ठरत होतं, आणि चूक करणारे स्वामी ठरत होते.

"मी दीक्षा दिली ती कन्नडच हाय," स्वामी म्हणाले. "आन् बेटाचं म्हनाल, तर रावन बी बेटावरचाच. त्याच्याएवढा शिवभक्त दावा मला गल्लीत."

गल्लीनं माना डोलावल्या. करीमला सगळ्यांनी मिळून वेड्यात काढलं. शांतव्वा सुटकेनं रडली. त्या दिवशी सगळ्यांचंच समाधान झालं, एक महादेवी सोडून. आपण कुठल्या हे एकदाचं उघड झालं तरी आपलं म्हणणं कुणाला ऐकायचं नाही, हे तिला त्या दिवशी पुरतं कळलं.

पुढच्या थंडीत ती आजारी पडली. तापात आधी तिचं मराठी गेलं. मराठी उरलंच नाही, फक्त तिची भाषा उरली, आणि तीत ती दिवसभर बोलायची. वैद्य म्हणाले वात आहे. मलाप्पा सासूबद्दल म्हणाला, अत्ती माहेरची कन्नड बोलत्यात, म्हाताऱ्या माणसाला माहेर आठवतंच. लोक समाचाराला येत. काय म्हणतात म्हणून विचारत, आणि शांतव्वा सगळ्यांना म्हणायची, "काय बोलत्या कुनाला ठावं."

माझी आई उशाशी बसलेली असायची. महादेवी काहीतरी पुटपुटायची आणि शांतव्वा उठून पाणी आणायची. पुन्हा पुटपुटायची आणि शांतव्वा पायांवर घोंगडं ओढायची. एकदाही चुकली नाही. आईनं दोन दिवस बघितलं आणि मग म्हणाली, "तुला समदं कळतंय, शांते."

शांतव्वानं मान खाली घातली आणि घोंगड्याची दशी ओढत बसली.

शेवटच्या सकाळी महादेवीनं लेकीचं मनगट धरलं आणि एक वाक्य म्हणाली. त्यात सिनेआ हा शब्द होता, लोसे मे हे शब्द होते, तेवढं आईलासुद्धा कळलं. शांतव्वाला तर अक्षरन् अक्षर कळलं. खोलीत माझ्या आईशिवाय दुसरं कुणी नव्हतं. नुसतं बरं म्हणायचं होतं, आणि तेही त्या भाषेत एका शब्दात झालं असतं. पण तिच्या डोळ्यांपुढं रंकाळ्यावरचा तो तोंडाला लावलेला पदर होता. "अव्वा, दूध घे," ती मराठीत म्हणाली. मला अजून त्या बाईचा राग येतो. मी तिच्या मांडीवर वाढलो, तिच्या हातची भाकरी खाल्ली, तरीही येतो. महादेवीनं मनगट सोडलं. दुपारच्या आत ती गेली.

गल्लीनं तिचं सगळं रीतीनं केलं. बसवून, विभूती लावून, फुलांनी मढवून वाजतगाजत नेली. रुद्रय्या स्वामींना धरून आणावं लागलं, पण मंत्र त्यांनीच म्हटले, एकही न चुकता. माती देऊन लोक घरी आले आणि ओसरीवर बसले. जो तो म्हणत होता की बाईनं गल्लीचं कल्याण केलं.

दिवस कलला. म्हशी दुपारपासून रंकाळ्यात होत्या. गिऱ्हाइकांना मयताचं काय, त्यांचे तांबे दारात आलेच असणार. मलाप्पा उठायला लागला.

"तुमी बसा," शांतव्वा म्हणाली. "मी जाते."

ज्या घरातनं माती गेली त्या घरच्या लेकीनं त्याच दिवशी बाहेर पडणं बायकांना आवडलं नाही. पण म्हशींचं काम म्हटल्यावर कुणाला आडवं येता येईना. माझी आई तिच्या मागोमाग गेली.

काठावर गल्लीतल्या बायका आपापल्या म्हशींसाठी उभ्या होत्या. शांतव्वा त्यांच्यापासून लांब गेली, लुगडं सावरलं आणि घोट्याइतक्या पाण्यात उतरली, मग गुडघ्याइतक्या. ती कधी पाण्यात उतरत नसे. तोंड उघडलं तर आवाजच येईना. पहिली हाक तिच्या ओठांतच राहिली. दुसरी जेमतेम बाहेर पडली आणि मध्येच चिरली: "ओऽऽ सिनेआ..."

"पोरीचा आवाज बसलाय, रडून रडून," काठावरची एक बाई म्हणाली. आणि तिनं आपली हाक दिली, शेजारधर्म म्हणून. "ओऽऽ सिनेआ, लोसे मे." पुढची म्हैस उठल्याशिवाय बाकीच्या उठत नाहीत हे सगळ्यांना माहीत होतं. दुसरीनं दिली, तिसरीनं दिली. पलीकडच्या काठावर कुणी गडी होता, त्यानंही दिली. माझी आईसुद्धा ओरडत होती, तिचं तोंड आसवांनी भिजलेलं. शांतव्वा पाण्यात उभी राहून हे ऐकत होती. वर्षानुवर्षं जे तिनं दाराआड दडपलं ते सगळा रंकाळा मोठमोठ्यानं म्हणत होता, आणि कुणीही पदर तोंडाला लावला नव्हता. मग तिचा आवाज सुटला. तिनं आपल्या आईला तीनदा हाक मारली, नीट, खालून सुरू करून वर उचललेली.

पाण्यातून सिनेआ उठली. तिच्यामागं बाकीच्या उठल्या. सिनेआ सरळ शांतव्वाजवळ येऊन थांबली आणि नाक फुरफुरवून तिच्या खांद्यावर पाणी उडवलं. शांतव्वानं तिच्या मानेवर हात ठेवला आणि दोघी घरी निघाल्या. वाटेत बायका म्हणाल्या, लेक गुणाची आहे, आई गेली तरी काम सोडलं नाही.

त्या घरी चूल पेटलेली नव्हती, म्हणून माझी आई भाकरीची दुरडी घेऊन मागच्या दारानं गेली. गोठ्यात शांतव्वा सिनेआला टेकून बसली होती आणि बोलत होती. त्याच भाषेत. एपी नव्हे, तुआ नव्हे, लांबलचक, न थांबता, मध्येच हुंदका, मध्येच रागाचा सूर, जशी लेक बऱ्याच दिवसांनी भेटलेल्या आईशी बोलते तशी. आई दुरडी घेऊन दारातच उभी राहिली.

मलाप्पानं ओसरीवरून विचारलं, "कुनाशी बोलालीयास गं?"

शांतव्वानं डोळे पुसले.

"म्हशीशी," ती म्हणाली.